लेसर चालवण्याआधी डोळा नीट तपासा: नाशिकच्या नेत्रशल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरात व जिल्ह्यात लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया करणारे सर्व नेत्रशल्यचिकित्सक आणि अशा केंद्रांचे संचालक यांस,

विषय: शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी, रुग्णाची संमती आणि जाहिराती यांबाबत

स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांपासून शहरातल्या महाविद्यालयांच्या आवारात मोफत नेत्रतपासणीची शिबिरे भरत आहेत. शिबिरात मुलामुलींचे नंबर काढले जातात, ज्यांना चष्मा आहे त्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक लिहून घेतले जातात, आणि मग त्यांना केंद्रावरून फोन जातो की आठवड्याच्या आत नोंदणी केली तर फेम्टो लेसरच्या शस्त्रक्रियेवर सवलत मिळेल, तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच दिवशी होईल, आणि दोन दिवसांत वर्गात परतता येईल. आमच्या इमारतीतल्या 19 वर्षांच्या मुलाला असा फोन आला. मी भौतिकशास्त्राची निवृत्त अध्यापिका असल्यामुळे तो मला विचारायला आला की हे लेसर खरोखर सुरक्षित असते का. त्याला मी जे सांगितले ते एकट्या त्याच्यापुरते राहू नये, आणि ज्यांच्या हातात हा निर्णय असतो त्या आपल्यापर्यंत ते थेट पोहोचावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना प्रकाशशास्त्र शिकवले, आणि अतिलघू स्पंदनांचा लेसर हा माझ्या आवडीचा भाग होता. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात 1985 साली जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी लेसरचे स्पंदन आधी ताणून लांबवायचे, मग त्याची शक्ती वाढवायची आणि शेवटी त्याला पुन्हा आकसून घ्यायचे ही पद्धत शोधली. तिच्यामुळे प्रचंड शक्तीची पण क्षणार्धाहून कितीतरी कमी टिकणारी स्पंदने मिळू लागली. या कामासाठी त्या दोघांना 2018 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्थर अश्किन यांच्यासह विभागून मिळाले. हा शोध लागला तेव्हा स्ट्रिकलंड पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या, आणि मेरी क्युरी व मारिया गेपर्ट-मायर यांच्यानंतर हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या केवळ तिसऱ्या स्त्री. हे वर्गातल्या मुलींना सांगताना मला मनापासून आनंद होई, आणि डोळ्यांवरच्या शस्त्रक्रिया हा या शोधाचा लोकांना सर्वांत जवळचा उपयोग आहे, हेही मी त्यांना तितक्याच अभिमानाने सांगत असे.

एका सेकंदाचे हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, पण एका फेम्टोसेकंदात तो मिलिमीटरचा हजारावा भागही ओलांडू शकत नाही. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या या लेसरची तरंगलांबी एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, किंचित जास्त असते. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तिला अडवत नाही. जिथे किरण एकवटतो तेवढ्याच बिंदूपाशी उतीच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, तयार होतो, वायूचा सूक्ष्म बुडबुडा उठतो आणि तिथली उती अलग होते. स्पंदन इतके लहान असते की आजूबाजूला उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. असे बिंदू काही मायक्रॉनच्या अंतराने एकापुढे एक टाकत गेले की नाशिकरोडच्या छापखान्यात तिकिटांच्या कागदाला पाडलेल्या छिद्रांच्या ओळीप्रमाणे कॉर्नियाच्या आत एक पातळी तयार होते आणि तिच्या रेषेत उती सुटते. फेम्टो-लेसिकमध्ये हा लेसर फक्त वरची पातळ झडप कापतो. प्रत्यक्ष नंबर घालवण्याचे काम 193 नॅनोमीटरचा दुसरा, अतिनील लेसर करतो. त्या लेसरने उती न भाजता थराथराने उडवता येते, हे आपल्या देशात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी 1981 साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवून दिले. स्माईल या पद्धतीत झडप नसते. फेम्टो लेसर कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची चकती मोकळी करतो आणि शल्यचिकित्सक ती दोन-चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात.

हे लेसर डोळ्यापर्यंत कसे आले, ती हकिगत आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल, तरी वाचकांसाठी सांगते. 1990 च्या दशकात मुरू मिशिगन विद्यापीठात होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अपघाताने हा किरण गेला. त्याला तपासणाऱ्या रॉन कुर्ट्झ या तरुण नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले की दृष्टिपटलावरच्या जखमा विलक्षण नीटनेटक्या आहेत, त्यांच्या कडेला होरपळ नाही. त्यांनी हा लेसर कोणता, अशी चौकशी केली, आणि तिथून पुढे टिबोर युहास यांच्याबरोबर कॉर्नियासाठीचे पहिले फेम्टोसेकंद यंत्र उभे राहिले. एका डॉक्टरने एका रुग्णाचा डोळा घाई न करता, बारकाईने पाहिला, हा या सगळ्याचा आरंभ आहे. आज याच यंत्रापुढे आमची मुले झोपवताना त्या बारकाईने पाहण्यालाच फाटा दिला जात असेल, तर ते मला गप्प राहून स्वीकारता येत नाही.

यात माझे काय अडले आहे, तेही सांगते. माझी मुलगी 22 वर्षांची असताना तिने आपल्याच शहरातल्या एका केंद्रात फेम्टो-लेसिक करून घेतले. केंद्राचे नाव मी लिहिणार नाही, कारण हे पत्र एका केंद्राविरुद्ध नाही. सुरुवातीचे वर्ष चांगले गेले. मग नंबर पुन्हा वाढू लागला, अक्षरांना सावल्या पडू लागल्या, आणि रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीचा एक दिवा तिला तीन-तीन दिसू लागला. चष्मा बदलूनही फरक पडेना, तेव्हा परगावच्या एका कॉर्नियातज्ज्ञांनी निदान केले की शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगत आहे. वैद्यकात याला एक्टेशिया म्हणतात. पुढे तिच्या दोन्ही डोळ्यांवर क्रॉस-लिंकिंग झाले, म्हणजे रायबोफ्लेविनचे (ब2 जीवनसत्त्वाचे) थेंब आणि अतिनील किरण यांच्या साहाय्याने कॉर्नियातले तंतू घट्ट करण्यात आले. त्यामुळे फुगणे थांबले, पण गेलेला आकार परत आला नाही. आता ती रोज सकाळी स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या कडक लेन्स, चढवते आणि त्यांच्यावर तिची नोकरी चालते. ज्या चष्म्यातून सुटण्यासाठी तिने शस्त्रक्रिया केली, तो चष्मा लावून आज तिला नीट दिसत नाही.

निदानानंतर आम्ही शस्त्रक्रियेपूर्वीचे कागद मागितले. ते मिळवायला बराच पाठपुरावा करावा लागला, आणि हाती आले तेव्हा मी ते आकड्यांची सवय असलेल्या माणसाच्या नजरेने वाचले. कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारणपणे 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. माझ्या मुलीच्या कॉर्नियाची सर्वांत पातळ जागी जाडी 486 मायक्रॉन होती. झडपेसाठी 110 आणि नंबरसाठी सुमारे 75 मायक्रॉन वजा केले की 301 उरतात. झडप पुन्हा जागेवर बसवली तरी ती कॉर्नियाला पूर्वीसारखे बळ देत नाही, म्हणून उरलेला थर किमान 250 मायक्रॉनचा असावा, अशी मर्यादा बहुतेक ठिकाणी पाळली जाते. कागदावर 301 ही संख्या 250 पेक्षा मोठी होती, आणि बहुधा तेवढ्यावरच होकार दिला गेला.

पण त्याच कागदांत कॉर्नियाच्या वक्रतेचा रंगीत नकाशाही होता, आणि त्यात खालचा भाग वरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वक्र दिसत होता. तिचा नंबर आदल्या वर्षातच वाढला होता. दर उन्हाळ्यात तिचे डोळे खाजत आणि ती ते चोळत असे; केस पेपरवर ‘ॲलर्जी’ असे लिहिलेही होते. शस्त्रक्रियेनंतरच्या एक्टेशियाचे वर्णन थिओ झायलर यांनी 1998 सालीच प्रसिद्ध केले होते. कोणता डोळा जास्त धोक्यात आहे हे ठरवण्यासाठी रँडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली गुणांची एक पद्धत मांडली. तीत नकाशाचे स्वरूप, उरणारा थर, वय, मूळ जाडी आणि नंबर या पाच गोष्टी पाहतात, आणि चार किंवा अधिक गुण झाले तर धोका जास्त मानतात. माझ्या मुलीचे गुण सात होतात. ही पद्धत निर्दोष नाही. ती काही धोक्याचे डोळे सोडते आणि काही चांगले डोळे अडवते, म्हणूनच आज कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचा स्कॅनही पाहिला जातो. परंतु सात गुण असलेल्या तरुण मुलीला किमान थांबवून, काही महिन्यांनी पुन्हा बोलावून, नकाशा बदलतो आहे का एवढे तरी पाहायला हवे होते. लेसरने त्या दिवशी आपले काम ठरल्याप्रमाणे चोख केले, 110 मायक्रॉनच्या ठिकाणी 110 मायक्रॉनच कापले. हा डोळा कापण्याजोगा आहे का, हे ठरवणे त्याचे काम नव्हते, ते माणसाचे होते.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार तपासणीच्या घाईविषयी आहे, आणि ती एकट्या माझ्या मुलीपुरती नाही. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात 30 वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांची जी पाहणी झाली आणि 2009 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात कॉर्नियाच्या वक्रतेच्या एका ठरावीक निकषानुसार सुमारे 2.3 टक्के लोकांमध्ये केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया आपोआप पातळ होऊन शंकूसारखा पुढे फुगण्याचा आजार, आढळला. निकष बदलला तर आकडा बदलेल हे मान्य करूनही, आपल्याच राज्यात शंभरात दोन जणांच्या कॉर्नियाविषयी शंका घ्यायला जागा आहे, ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही. शिवाय ज्यांना नंबर घालवायचा असतो ते सगळे मुळात नंबर असलेले लोक असतात. सिलिंड्रिकल नंबर वाढत जाणारा तरुण हा केराटोकोनसचा प्रारंभीचा रुग्ण असू शकतो आणि तोच उत्साहाने आपल्या दारात येतो. हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि डोळे चोळल्याने बळावतो. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी करणारा मुलगा असेल, लासलगावच्या बाजारात कांद्याच्या धुळीत दिवस काढणारा असेल किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणारा असेल, त्याला डोळे चोळायची सवय आहे का, हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागते. घरात कोणाला केराटोकोनस आहे का, हे विचारायलाही तेवढेच.

एका दिवसात तपासणी आणि शस्त्रक्रिया उरकण्यात आणखी एक दोष आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या कॉर्नियाचा आकार लेन्सच्या दाबाने तात्पुरता बदलतो. म्हणून मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून बराच जास्त काळ बंद ठेवल्याशिवाय काढलेल्या नकाशावर विसंबता येत नाही. सोमवारी शिबिरात भेटलेल्या आणि रविवारपर्यंत लेन्स लावणाऱ्या विद्यार्थिनीची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात होत असेल, तर तिच्या डोळ्याचा कोणता आकार मोजला गेला, याचे उत्तर मला हवे आहे.

दुसरी तक्रार संमतीविषयी आहे. संमतीपत्र इंग्रजीत, बारीक टाइपात आणि अनेक पानांचे असते. ते रुग्णाच्या हाती शस्त्रक्रियेच्या दिवशी दिले जाते, आणि माझ्या मुलीच्या बाबतीत तर बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातल्यानंतर दिले गेले. त्या थेंबांनंतर काही तास जवळचे वाचता येत नाही, हे नेत्रतज्ज्ञांना मी सांगायला नको. जे वाचताच येत नाही त्यावर घेतलेली सही ही संमती कशी मानायची? समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले आहे की संमती खरी ठरायची असेल तर उपचाराचे स्वरूप, त्याचे धोके आणि त्याला असलेले पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला आधी मिळाली पाहिजे. चष्मा घालणाऱ्या निरोगी माणसाच्या बाबतीत तर हे अधिकच लागू होते, कारण इथे आजार हटवायचा नसतो आणि ‘काहीच करू नका’ हाही एक उत्तम पर्याय असतो. तो पर्याय कोणत्याही संमतीपत्रात ठळक अक्षरांत लिहिलेला मी पाहिला नाही.

जाहिरातींविषयी थोडक्यात लिहिते. ‘ब्लेडविरहित’ हे खरे आहे, आणि पूर्वीच्या यांत्रिक पात्यापेक्षा फेम्टो लेसरची झडप अधिक एकसारख्या जाडीची येते, हेही खरे आहे. पण त्यातून फलक वाचणाऱ्याचा जो समज होतो, की पाते गेले म्हणजे धोका गेला, तो खोटा आहे. कॉर्नियाचा थर पाते काढो की प्रकाश काढो, थर कमी होतोच. स्माईलमध्ये कॉर्नियाचा पुढचा, अधिक बळकट भाग मोठ्या प्रमाणात शाबूत राहतो, हा तिचा गुण मी मान्य करते. पण स्माईलनंतरही एक्टेशियाची प्रकरणे नोंदली गेली आहेत, त्यामुळे ‘पातळ कॉर्नियासाठी सुरक्षित’ हे वाक्य फलकावर लिहिण्याइतके सरळ नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेसिकविषयी जो अभ्यास करवून घेतला, त्यात 95 टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीविषयी समाधानी होते. त्याच अभ्यासात, आधी दृष्टीची कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलये, चमक, दुहेरी प्रतिमा किंवा प्रकाशाचे फाटे यांपैकी काही ना काही नव्याने दिसत होते, आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी जवळपास 30 टक्के जणांना तो जाणवू लागला होता. पहिला आकडा जाहिरातीत येतो आणि दुसरे दोन येत नाहीत, हे मला मान्य नाही. वैद्यक व्यवसायाच्या 2002 च्या नीतिनियमांत डॉक्टरांनी जाहिरातीद्वारे रुग्ण ओढण्याला मनाई आहे, हे मी आपल्याला आठवण म्हणून सांगते. केंद्र कंपनीच्या नावावर आहे, असे उत्तर मला ऐकायचे नाही. शस्त्रक्रिया करणारा हात डॉक्टरचाच असतो.

आणखी एका गोष्टीचे मला फार वाईट वाटते. या शिबिरांत सर्वांत जास्त भुलतात ती भरतीची तयारी करणारी मुले आणि लग्नाच्या वयातल्या मुली. देवळालीचा तोफखाना आणि त्र्यंबक रस्त्यावरची पोलीस अकादमी डोळ्यांसमोर असलेल्या या शहरात, सुरगाणा, पेठ, कळवणहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना सांगितले जाते की चष्मा गेला म्हणजे निवड झाली. प्रत्यक्षात प्रत्येक सेवेचे आणि प्रत्येक शाखेचे नियम वेगळे आहेत, आणि सैन्यदलांतल्या काही प्रवेशांसाठी अशी शस्त्रक्रिया झालेली असणे हेच अपात्रतेचे कारण ठरते. ज्या मुलाचा बाप या शस्त्रक्रियेसाठी उसनवारी करतो, त्याला आधी त्या भरतीचे नियम वाचून दाखवणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. 7.5 पेक्षा कमी नंबरसाठीचा हा खर्च आरोग्य विम्यातही मिळत नाही, म्हणजे सगळे पैसे घरातूनच जातात.

शेवटची तक्रार नंतरच्या काळाविषयी आहे. एक महिन्याने फळ्यावरची शेवटची ओळ वाचता आली की कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी होते. एक्टेशिया मात्र काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी उघड होते, आणि तोवर रुग्णाचे गाव बदललेले असते, नोकरी बदललेली असते आणि तो दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेलेला असतो. मूळ शल्यचिकित्सकाला आपल्या हातून काय झाले हे कळतही नाही. ज्याला स्वतःच्या चुकलेल्या निवडी कधी दिसत नाहीत, त्याची पुढची निवड सुधारणार कशी?

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्यांतली एकही नवे यंत्र विकत घेतल्याशिवाय पूर्ण न होणारी नाही.

तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच दिवशी करणे बंद करावे. दोहोंमध्ये निदान एक आठवडा जावा, लेन्स वापरणाऱ्यांसाठी लेन्स बंद ठेवण्याचा पूर्ण काळ पाळला जावा, आणि ज्याच्या नकाशाविषयी थोडीही शंका आहे किंवा ज्याचा नंबर गेल्या वर्षभरात हललेला आहे, त्याला काही महिन्यांनी दुसरा नकाशा काढल्याशिवाय तारीख देऊ नये.

कॉर्नियाच्या स्कॅनची प्रत, जाडीचा आकडा, किती मायक्रॉन काढणार आणि किती उरणार हा हिशोब, हे सगळे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी, न मागता, हातात द्यावे. नंतर मागितलेली कागदपत्रे 72 तासांत देणे तर 2002 च्या नियमांनुसार बंधनकारकच आहे. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत 2021 साली रुग्णहक्कांची सनदही आली. ती आपल्या केंद्राच्या भिंतीवर मराठीत, वाचता येईल अशा जागी असावी.

संमतीपत्र मराठीत असावे, ते रुग्णाने घरी नेऊन आईवडिलांबरोबर वाचावे आणि डोळ्यांत थेंब घालण्यापूर्वी सही करावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 साली लेसिकसाठी रुग्णाने स्वतः एकेक मुद्दा वाचून खूण करायच्या यादीचा मसुदा प्रसिद्ध केला होता. तशी मराठी यादी आपल्या शहरातले नेत्रतज्ज्ञ एकत्र बसून एका आठवड्यात तयार करू शकतात. भाषेच्या कामात माझी मदत लागली तर ती मी विनामूल्य करीन.

मुदतीची सवलत आणि महाविद्यालयांतून, चष्म्याच्या दुकानांतून रुग्ण आणून देणाऱ्यांना मोबदला देणे थांबवावे. नेत्रतपासणीची शिबिरे जरूर घ्यावीत, पण त्यांतून जमवलेले क्रमांक शस्त्रक्रियेच्या विक्रीसाठी वापरू नयेत. महाविद्यालयांच्या प्राचार्यांनाही माझी विनंती आहे की याची लेखी हमी घेतल्याशिवाय आवाराचे दार उघडू नये.

प्रत्येक केंद्राने वर्षाला किती जणांची तपासणी केली आणि त्यांतल्या किती जणांना शस्त्रक्रिया नाकारली, हा आकडा जाहीर करावा. माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. किती हजार शस्त्रक्रिया झाल्या हे फलकावर लिहिले जाते. किती जणांना परत पाठवले, हे कुठेच लिहिलेले नसते. केंद्राची तपासणी खरी आहे की नाही, हे सामान्य माणसाला त्या एका आकड्यावरून कळेल.

आणि शेवटी, एक्टेशियाच्या प्रत्येक रुग्णाची, नावाशिवाय, जिल्हा पातळीवर नोंद व्हावी. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्याच शहरात आहे. नेत्रतज्ज्ञांनी पुढाकार घेतला तर अशी नोंदवही तिथे सांभाळण्याची विनंती करता येईल. ज्या केंद्राच्या रुग्णाला हा त्रास झाला त्याच्या क्रॉस-लिंकिंगचा खर्च त्या केंद्राने उचलावा, अशी मागणीही मी इथे मांडते. ती कायद्याने सक्तीची नसेल, पण ज्या शुल्कात शस्त्रक्रिया केली जाते त्याच्याशी ताडून पाहिली तर ती अवाजवी नाही.

आपल्यापैकी अनेक जण काळजीपूर्वक काम करतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या मुलीचे निदान करणाऱ्या तज्ज्ञांनी एक तास खर्चून आम्हाला प्रत्येक रंगाचा अर्थ समजावून सांगितला. अशी माणसे नाशिकमध्येही आहेत. सवलतीच्या स्पर्धेत त्यांचे नुकसान होते, कारण जो डॉक्टर ‘तुमच्या डोळ्यांना हे करू नका’ असे सांगतो, त्याच्याकडून उठून रुग्ण पलीकडच्या दारात जातो. या मागण्या सगळ्यांनी मिळून मान्य केल्या तर असे सांगणाऱ्या डॉक्टरला एकटे पडावे लागणार नाही.

या पत्राची प्रत मी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि शहरातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना पाठवत आहे. आपले उत्तर, व्यक्तिशः किंवा संघटनेमार्फत, दिवाळीच्या सुट्टीत शिबिरांचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी यावे अशी अपेक्षा आहे. माझ्या मुलीच्या परवानगीने तिचे सर्व कागद आपल्यापैकी कोणालाही दाखवायला मी तयार आहे. जी केंद्रे वरच्या गोष्टी आधीपासून पाळतात त्यांनी तसे लेखी कळवावे. आमच्या इमारतीतल्या त्या मुलाला आणि मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांचीच नावे सांगेन.

आपली,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका आणि एका रुग्णाची आई,
नाशिक